मुक्ताईच्या आख्यायिकांतील व्यवहार आणि सत्ता : एक चिकित्सा

जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या परिसरात, मराठी संतचरित्राशी निगडित अशी तीन स्थाने परस्परांच्या जवळ आहेत. संगमावर चांगदेव हे गाव आणि तेथील यादवकालीन समजले जाणारे दगडी मंदिर, तापीतीरावर मेहुण, आणि कोथळी, जेथील मुक्ताईच्या स्थानाहून आषाढीसाठी पंढरपूरकडे पालखी निघते. हा भाग पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखला जाई. पुढे तालुक्याच्या ठिकाणास मुक्ताईनगर हे नाव मिळाले. शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) वैशाखात, वादळ सुटून वीज कडाडली असता मुक्ताबाई याच परिसरात अदृश्य झाली, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी, ज्ञानदेवांची आळंदीस, सोपानदेवांची सासवडास. धाकट्या बहिणीच्या वाट्यास मात्र देह ठेवण्याचे ठिकाण न येता अंतर्धान पावण्याचे ठिकाण आले. तिचे चरित्र म्हणून जे उपलब्ध आहे तेही बहुतांशी आख्यायिकांचेच आहे.

या आख्यायिकांचा उपयोग इतिहासाच्या अभ्यासकाने करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. तेराव्या शतकातील मराठी समाजाचे राजकीय चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रामचंद्र यादव (इ. स. १२७१–१३११), त्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री, अल्लाउद्दीनाची १२९६ मधील देवगिरीवरील स्वारी ही त्यातील ठळक रेघ होय. परंतु त्या राज्यातील सामान्य कुटुंब काय शिजवी, कोणाच्या शब्दास घाबरे, कोणाचे माप खरे मानी, याविषयीची साधने तुटपुंजी आहेत. फ्रान्समधील मोंताइयू या डोंगरी खेड्याचे जे सूक्ष्म चित्र ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये उभे केले, ते झाक फूर्निए या बिशपाने १३१८ ते १३२५ या काळात घेतलेल्या जबान्यांच्या आधारावर. नामदेवाच्या हयातीतीलच ही गोष्ट आहे. पण तापीच्या खोऱ्यात जबान्या लिहून घेणारा असा कोणी नव्हता. येथे आहेत ते काही शिलालेख, महानुभावांची लीळाचरित्रासारखी गद्यचरित्रे आणि भाविकांनी जतन केलेल्या कथा. या तिसऱ्या साधनाचा अव्हेर केला तर हानी होते, आणि त्याचा भोळेपणाने स्वीकार केला तरीही होते.

आजवरच्या अभ्यासाचा कल पाहता या कथांची वाट दोन बाजूंनी अडलेली दिसते. ल. रा. पांगारकरांसारख्या श्रद्धावान चरित्रकारास चमत्कार हाच कथेचा प्राण वाटला, आणि भोवतालचा तपशील केवळ सजावट ठरला. उलटपक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ज्यांनी ज्ञानेश्वरीकर्ता आणि अभंगकर्ता हे दोन निराळे पुरुष होत असा पक्ष मांडला, त्यांच्यापासून सुरू झालेल्या चिकित्सक परंपरेस कर्तृत्व आणि कालनिश्चिती यांचीच चिंता अधिक होती. त्या चिंतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्या चाळणीतून आख्यायिका बाहेर पडली ती कोंड्याबरोबर. सामाजिक अंगाने विचार करणाऱ्यांनी तरी हा कोंडा पुन्हा पाखडावयास हवा होता. न्यायमूर्ती रानडे यांनी संतांच्या चळवळीत महाराष्ट्राच्या राजकीय उत्थानाची पूर्वतयारी पाहिली, राजवाड्यांनी संतांवर समाजास निष्क्रिय केल्याचा ठपका ठेवला, गं. बा. सरदारांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथात दोन्ही टोके टाळून संतांच्या कार्याची मर्यादा व थोरवी समतोलपणे मांडली. तिघांचे निष्कर्ष भिन्न असले तरी तिघांचा प्रश्न एकच आहे : संतांनी समाजावर किंवा राज्यावर काय परिणाम केला? समाजाची सत्ता संताच्या स्वयंपाकघरापर्यंत कशी पोचत होती, हा उलटा प्रश्न त्यांच्या विवेचनात जवळपास येत नाही.

तो विचारण्यास मुक्ताबाईच्या आख्यायिका विशेष सोयीच्या आहेत. त्यांपैकी तीन येथे घ्यावयाच्या : मांड्यांची, कोऱ्या पत्राची आणि ताटीची.

मांड्यांची कथा सर्वश्रुत आहे. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताबाई खापर आणावयास कुंभाराकडे गेली. विसोबा चाटीने कुंभारांना आधीच ताकीद देऊन ठेवली असल्यामुळे तिला रिकाम्या हाताने परतावे लागले. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापविली आणि तिच्यावर मुक्ताबाईने मांडे भाजले. श्रद्धावान वाचकाचे लक्ष तापलेल्या पाठीवर खिळते. संशयी वाचक पाठ तापत नसते म्हणून ग्रंथ मिटतो. पण पाठ का, हा प्रश्न दोघांनाही सुचलेला नाही. योगसामर्थ्य तळहातावरही प्रकट करता आले असते. त्याचे उत्तर खानदेशातील कोणत्याही वयस्क गृहिणीच्या हाताशी आहे. मांडा सपाट तव्यावर होत नाही. मातीचे खापर चुलीवर पालथे घालून, सैल कणकेची पुरण भरलेली पोळी हातांवर वाढवीत वाढवीत त्याच्या फुगीर पाठीवर टाकावयाची, ही त्याची रीत. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, ही खापरावरची पोळी आजही होते. वाकलेल्या माणसाची पाठ आणि पालथे खापर यांचा आकार एक आहे. कथा ज्याने प्रथम रचली त्याला, आणि ज्यांनी ती ऐकून मान डोलावली त्यांना, ही भांड्याची गोष्ट सांगण्याची गरज नव्हती. ती त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती. चमत्कार अशक्य असला तरी त्याचा आराखडा स्वयंपाकघरातून घेतलेला आहे.

एवढे मान्य झाले म्हणजे कथेतील खरी घटना कोणती, याकडे वळता येते. ती घटना म्हणजे कुंभाराचा नकार. बहिष्कार या शब्दाने ब्रह्मसभा, शास्त्रार्थ, शुद्धिपत्र अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात. पैठणच्या ब्राह्मणांनी या भावंडांस दिल्याचे सांगितले जाणारे शुद्धिपत्र तर अभ्यासकांच्या वादाचा आवडता विषय होऊन बसले आहे, आणि त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेण्यास जागाही पुष्कळ आहे. परंतु मांड्यांच्या कथेत एकही शास्त्रवचन येत नाही. येथे बहिष्कार म्हणजे एका मुलीला मडके न मिळणे. ज्या व्यवस्थेचे वर्णन त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ (१९१५) मध्ये केले आहे तीत कुंभार हा बलुतेदार होय. शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्याला धान्याचा वाटा मिळतो आणि त्याबद्दल तो गरजेची भांडी पुरवितो. बलुत्याची संपूर्ण घडी आत्र्यांच्या काळची आहे, ती जशीच्या तशी तेराव्या शतकावर लादणे चुकीचे होईल. तथापि एक गोष्ट कोणत्याही काळी खरी असली पाहिजे. ज्याच्या घरी धान्याची रास नाही त्याचा कुंभारावर हक्क नाही. माधुकरीवर जगणाऱ्या चार पोरक्या भावंडांपाशी शेत नव्हते, वृत्ती नव्हती, जातीचा आधारही नव्हता. त्यांना खापर मिळावयाचे ते विकत किंवा मेहेरबानीने. अशा माणसाचा व्यवहार बंद करण्यास सभेची गरज लागत नाही. एका वजनदार माणसाचा शब्द पुरतो.

तो वजनदार माणूस कोण, हेही कथा आपल्या परीने सांगते. चाटी हा शब्द जुन्या मराठीत कापडाच्या व्यापाऱ्याचा वाचक आहे. विसोबा कोणत्याही पीठाचा आचार्य म्हणून येत नाही. त्याच्या नावाला जोडलेली खूण पेठेची आहे. कुंभार त्याचे का ऐकतो, हे कथेने उलगडलेले नाही, कारण श्रोत्यांना ते उघड होते. ज्यांच्या हाती पेठ, त्यांच्या हाती गावचा देण्याघेण्याचा दोर. कथेतील हे गृहीतक निव्वळ कवीची कल्पना आहे की त्याला त्या काळच्या लेखी पुराव्याचा काही आधार मिळतो, हे पाहण्यासाठी याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास जावे लागते.

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले आणि शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहातही तो समाविष्ट आहे. यादवांचा मांडलिक निकुंभ सोइदेव याने शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, एका मठास दान दिले. मठ स्थापणारा चांगदेव हा भास्कराचार्याचा नातू, सिंघण यादवाचा ज्योतिषी. आणि मठाचा हेतू ‘सिद्धान्तशिरोमणी’ प्रभृती भास्कराचार्यांच्या व त्यांच्या कुळातील ग्रंथांचे अध्यापन. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. वंशाची कीर्ती, विद्येची थोरवी, राजाचे औदार्य सारे तेथे येते. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक या भागासाठी लेखाकडे वळतात. मात्र शेवटी, जेथे पैशाचा प्रश्न येतो तेथे, लेखाची भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. या पाटणात विक्रीस जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास मिळणारा कर मठास दिला, ब्राह्मणांनी विकणाऱ्याकडून मिळणारा आपला हक्क दिला, नगरानेही दामाचा अंश दिला, गिऱ्हाइकाकडून पोफळे, जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल, आणि येथे जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे, मापणावळीचा अर्धा भाग मठाचा व अर्धा मापाऱ्याचा.

हा मराठी भाग मराठीच्या सर्वात जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणून भाषेच्या वर्गात शिकविला जातो. त्याच्या विभक्तिप्रत्ययांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात जे सांगितले आहे त्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. आकाशातील ग्रहांच्या गतीचे अध्ययन तेल्याच्या पळीवर आणि बाजारातील गिऱ्हाइकाच्या सुपारीवर चालले होते, ही एक बाजू. त्याहून महत्त्वाची गोष्ट मापाची आहे. मठास काही उत्पन्न मिळाले एवढेच नव्हे, खरे माप कोणते हे ठरविण्याचा मान त्यास मिळाला. धान्य विकावयास आलेल्या कुणब्याने भास्कराचार्याचा एकही श्लोक ऐकला नसेल; पण त्याचे धान्य मोजले गेले ते विद्येच्या नावाने दिलेल्या मापाने. राजा, ब्राह्मण आणि नगर या तिघांनी आपापले हक्क सोडून दिल्याची नोंद लेखात निरनिराळी आहे. म्हणजे पेठेवर तिघांचे तीन हक्क होते, आणि नगर हे स्वतंत्रपणे देऊ शकणारे, म्हणून स्वतंत्रपणे नाकारूही शकणारे, असे अंग होते. विसोबा चाटीच्या शब्दाने कुंभाराचे दार बंद होते हे कथेतील गृहीतक या पार्श्वभूमीवर असंभाव्य राहत नाही. शिलालेखाने कथा सिद्ध झाली असे म्हणणे हा अतिरेक होईल. सिद्ध होते ते इतकेच की, कथेत ज्या प्रकारची सत्ता दिसते त्या प्रकारची सत्ता त्या शतकात, त्याच मुलखात, दगडावर कोरण्याइतकी रुळलेली होती.

आता कोऱ्या पत्राची कथा. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास घेतले. वयाने पाहावे तर मुले धाकटी, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे. ज्ञानाने पाहावे तर थोर, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे. निर्णय होईना, तेव्हा कोरा कागदच पाठविला. मुक्ताबाईने तो पाहून, इतकी वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले, असा शेरा मारला. आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. मांड्यांच्या कथेस लावलेली कसोटी येथे लावली तर निष्कर्ष अगदी निराळा येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

‘चांगदेव पासष्टी’ हा ग्रंथ समोर आहे. त्यात कोऱ्या कागदाचा उल्लेख नाही, चौदाशे वर्षांचाही नाही. द्रष्टा आणि दृश्य यांचे ऐक्य, आरशातील मुखाचा दृष्टान्त, भेटीची ओढ आणि भेटीतच दोनपण मावळण्याची अडचण हा त्याचा विषय. वटेश्वराचा पुत्र म्हणून ज्याला संबोधले आहे तो समोरचा पुरुष आदराचा आहे, जवळचाही आहे. पण तो लहान की मोठा, हा प्रश्न ओव्यांना पडलेलाच दिसत नाही. शिवाय मायन्याची जी अडचण कथेत आहे ती ‘चिरंजीव’ व ‘तीर्थरूप’ या दोन शब्दांवर उभी आहे. आणि नात्याची पायरी पहिल्याच शब्दात निश्चित करणारी ही पत्रपद्धती आपल्या ओळखीची आहे ती मुख्यतः मराठेशाहीतील पत्रांतून. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेली मेस्तके लेखनाचे शिष्टाचार सांगतात हे खरे, पण उपलब्ध मेस्तके नंतरच्या हातची आहेत. कथेचा जो घाट आज सर्वांच्या कानी आहे तो रूढ करण्यात महिपतीच्या ‘भक्तविजया’चा (१७६२) वाटा मोठा, आणि महिपती हा ताहराबादचा कुलकर्णी होता. कथा त्याने रचली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु लेखणी हाती धरताच समोरच्याची पायरी ठरवावी लागते, ही अडचण ज्याला नित्याची होती अशा लेखकाच्या हाती ती पडली, आणि तेथे तिला धार आली, असे मानण्यास हरकत नाही. मायना नसलेला कागद दप्तरात लावावयाचा तरी कोठे?

म्हणजे मुक्ताबाईच्या चरित्रातील दोन कथा शेजारी शेजारी छापलेल्या असल्या तरी त्या एका काळाचा पुरावा नाहीत. खापराच्या कथेतील व्यवहार यादवकाळाशी विसंगत नाही. कोऱ्या पत्राची कथा प्राधान्याने पुढच्या, लेखी कारभाराच्या समाजाबद्दल बोलते. चिकित्सेच्या नावाखाली सर्व आख्यायिकांचे एकच गाठोडे बांधणाऱ्यांनी हा भेद बुजविला आहे. पासष्टीची सुरुवात मात्र येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. ती ‘स्वस्ति श्री’ या शब्दांनी होते. पाटणच्या लेखात जेथे तिथी आणि दानाचा तपशील सुरू होतो तेथेही हेच दोन शब्द आहेत. तत्कालीन लेखनाचा हा साधा, सर्वांना सारखा असा आरंभ. त्याने नात्याची पायरी सांगितली जात नाही. ज्ञानदेवांनी पत्राचा घाट घेतला, पण पायरीचा शब्द घेतला नाही. चांगदेवांना न सुटलेले कोडे नंतरच्या कथाकारांनी का निर्माण केले असावे, याचे बीज कदाचित या अभावातच असेल. ज्या वाचकाला मायन्यावाचून पत्र ठाऊक नव्हते, त्याला पासष्टीच्या आरंभीचा हा समभाव काहीतरी स्पष्टीकरण मागणारा वाटला असणार.

याच कथेचा उत्तरार्ध, वाघावर बसून सर्पाचा चाबूक घेऊन येणारे चांगदेव आणि त्यांना सामोरी जाणारी, भावंडांना घेऊन चालणारी भिंत, हा तर एका प्रांताचा ऐवजच नव्हे. वाघावर बसलेला सिद्ध आणि भिंतीवर बसलेला त्याहून मोठा सिद्ध ही जोडी हिंदुस्थानभर, सूफी अवलियांच्या कथांतही आढळते. सायमन डिग्बी यांनी १९९४ मध्ये तिचा विस्ताराने परामर्श घेतला. मुक्ताईच्या स्थानांपासून तापीच्या वरच्या अंगास असलेले बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांचे नगर बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी पुरुषाच्या नावाने वसले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेश फारुकींच्या अमलाखाली होता. अशा मुलखात ही कथा कोणी कोणाकडून घेतली, याचा वाद घालण्यात फारसे हशील नाही. ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, सत्तेची भव्य प्रतीके, वाघ आणि चालती भिंत, सहज गावोगाव फिरतात. पालथे खापर मात्र जेथे मांडा होतो तेथेच उमजते. आख्यायिकेतील स्थानिक थर शोधावयाचा असेल तर तो चमत्काराच्या भव्यतेत शोधू नये.

नावांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. पाटणचा ज्योतिषी चांगदेव, महानुभावांच्या पंचकृष्णांतील चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ आणि संगमावरचा वटेश्वर-चांगदेव या तीन निरनिराळ्या व्यक्ती होत. पासष्टीत चांगदेवांना ‘चक्रपाणी’ असे संबोधन येत असल्याने घोटाळा वाढतो. पण या तिन्ही नावांमागे तत्कालीन समाजातील प्रतिष्ठेचे तीन मार्ग आहेत : राजाश्रयाने मिळालेली विद्येची, पंथाने दिलेली ईश्वरत्वाची आणि योगसामर्थ्याने मिळविलेली दीर्घायुष्याची. मुक्ताबाईच्या कथेत यांपैकी तिसरीचा पराभव होतो, आणि तो चौदा वर्षांच्या मुलीस गुरू करून होतो. चौदाशे आणि चौदा हे आकडे कोणी मोजून ठेवलेले नाहीत. वयाच्या अधिकाराची थट्टा करण्यासाठी ते जुळविलेले आहेत.

ताटीच्या अभंगांविषयी थोडे लिहिणे पुरे. ते मुक्ताबाईचेच, याची खात्री देणारी जुनी पोथी नाही; तथापि वारकरी परंपरेने त्यांना तिच्या वाणीचा गाभा मानले आहे. लोकांच्या टोचणीने विषण्ण होऊन ज्ञानदेव आत बसतात आणि बहीण बाहेरून त्यांना समजाविते, हा प्रसंग. टीकाकारांनी त्यांतील उपदेशाचे, संतलक्षणांचे सविस्तर विवरण केले. ‘लहानग्या बहिणीचा प्रौढपणा’ हे कौतुकही शतकभर चालू आहे. कौतुकाच्या या सुरात एक उपेक्षा दडलेली आहे, कारण प्रौढपणाचे आश्चर्य वाटते ते बालिशपणाची अपेक्षा असते म्हणून. ताटी म्हणजे कामट्यांचे, कुडाचे झापड. तिला अडसर नसतो. धक्का दिला तर ती उघडते, आणि आवाज तर तिच्यातून आरपार जातो. वाड्याच्या फळ्यांच्या दारासमोर हे अभंग उभेच राहिले नसते. जे दार बळाने सहज उघडता येते ते शब्दाने उघडावयाचे, अशी ही घालमेल आहे. आणि ती कळण्यास ही माणसे कोणत्या प्रकारच्या घरात राहत होती हे कळावे लागते. त्याच सुमारास महानुभाव पंथात महदाइसा आपल्या प्रश्नांनी चक्रधरांना बोलते करीत होती. दोघींच्या वाणीत साम्य फार नाही. पण विचाराच्या व्यवहारात स्त्रीला जागा मिळाली ती पीठावर नव्हे, घराच्या आणि मठीच्या उंबऱ्यावर, ही गोष्ट दोन्ही परंपरांत सारखी आहे.

या रीतीच्या वाचनावर एक आक्षेप संभवतो. कथेतील धर्मतत्त्व बाजूला सारून भांडीकुंडी तेवढी वेचणे म्हणजे देव सोडून देव्हाऱ्याचे लाकूड मोजणे होय, असे श्रद्धावान अभ्यासक म्हणतील. आणि भांडीकुंडीही प्रत्येक पिढी आपल्या सोयीने बदलते, मग त्यांचा भरवसा तो काय, असे संशयी अभ्यासक म्हणतील. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर कोऱ्या पत्राच्या प्रकरणात आलेच आहे : तपशील बदलतो हे खरे, म्हणूनच प्रत्येक तपशील त्या त्या काळच्या स्वतंत्र साधनाशी ताडून घ्यावा लागतो, आणि न जुळला तर तसे सांगावे लागते. पहिल्या आक्षेपासंबंधी मार्क ब्लॉक यांच्या १९२४ च्या ग्रंथाकडे बोट दाखविता येते. राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या फ्रान्स व इंग्लंडमधील समजुतीचा त्यांनी अभ्यास केला. स्पर्शाने रोग जातो की नाही हे त्यांनी कधीच निकालात काढले होते. शतकानुशतके लोक त्यावर विश्वास का ठेवीत आले, हा त्यांचा विषय होता. दामोदर कोसंबींनीही ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मध्ये महाराष्ट्रातील पाऊलवाटा आणि ग्रामदेवता यांच्यापासून आरंभ करून तत्त्वज्ञानाकडे जाण्याची वाट दाखविली. संतचरित्राच्या अभ्यासकाने त्या वाटेवर अद्याप म्हणावी तशी मजल मारलेली नाही.

मांड्यांच्या कथेचा शेवट यासाठीच पुन्हा पाहण्यासारखा आहे. तापलेली पाठ पाहून विसोबाचा अहंकार गळतो आणि तो ज्ञानदेवांच्या पात्रातील उष्टे मांड्याचे तुकडे खातो. पुढे हाच विसोबा खेचर म्हणून नामदेवाचा गुरू झाला, असे परंपरा मानते. आणि नामदेवाला त्याच्याकडे जाण्याची पाळी आली ती गोरोबा कुंभाराने, मुक्ताबाईच्या सूचनेवरून, थापटण्याने संतांची डोकी ठोकून त्याला कच्चे मडके ठरविल्यामुळे. चाटी आणि खेचर एकच का, यावर मतभेद आहेत, रा. चिं. ढेरे यांनी खेचराच्या नावावरील ‘षट्स्थळ’ उजेडात आणल्यापासून त्याचा वीरशैव संबंधही विचारात घ्यावा लागतो. व्यक्ती एक की दोन, हे बाजूला ठेवले तरी कथांची जुळणी नजरेत भरते. पहिल्या कथेत व्यापारी कुंभाराचा हात धरून मुलीला भांडे नाकारतो. दुसरीत तीच मुलगी कुंभाराच्या हातात थापटणे देऊन कोण भाजलेला आणि कोण कच्चा हे ठरवावयास सांगते. शेवटी कच्चा ठरलेला नामदेव, एके काळी खापर अडविणाऱ्या त्याच व्यापाऱ्याच्या दारी जातो. ही साखळी परंपरेने अजाणता जुळविली की जाणून, याचा निर्णय नामदेवगाथेतील समाधिप्रकरणे आणि ‘भक्तविजय’ यांतील पाठ शेजारी ठेवून, प्रसंगागणिक तुलना केल्यावाचून लागणार नाही.